तालुक्यातली वीज आणि तालुक्यातली मुलं

साताऱ्याच्या पाटण तालुक्याइतकी विजेशी सोयरीक असलेले तालुके महाराष्ट्रात फार नाहीत. कोयनेचं धरण इथलं. त्या पाण्यावर चालणाऱ्या सगळ्या टप्प्यांची क्षमता मिळून १,९६० मेगावॉट होते. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे, आशियातल्या मोठ्या पवनऊर्जा प्रकल्पांत एके काळी तिचं नाव घेतलं जायचं. खाली कऱ्हाडच्या अंगाला उतरलं की साखर कारखाने, आणि उसाच्या चिपाडावर वीज करून ती विकणं हा कारखान्यांचा आता जोडधंदा राहिलेला नाही, ताळेबंदातली मोठी बाब झालीय. गेल्या काही वर्षांत बांधाबांधावर सौरपंपांची पॅनेलं उभी राहिली ती वेगळीच.

याच पट्ट्यातल्या कुठल्याही हायस्कुलात जाऊन दहावीच्या वर्गाला 'पुढं काय?' असं विचारून बघा. पोलीस भरती, आर्मी, एमपीएससी. मुलींकडून नर्सिंग. मागच्या बाकावरून 'बघू'. इंजिनिअर व्हायचंय म्हणणारी दोन-चार मुलं निघतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढचा इंजिनिअर हिंजवडीत काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो. पठारावरच्या पवनचक्कीत काम करायचंय असं कोणी म्हणत नाही. म्हणणार तरी कसं? जन्मल्यापासून ती पाती फिरताना दिसतात, पण आत कोण जातं, काय करतं, काय शिकून आलं, त्याला पगार किती, हे त्या पोरांना कोणीच सांगितलेलं नाही. गावातून तिथं लागलेला माणूस माहीत असतो तो बहुधा वॉचमन.

आपल्या परिसरातल्या अभियांत्रिकीची आणि ऊर्जाक्षेत्राची ओळख मुलांना सातवी-आठवीतच, शाळेच्या वेळेत, शाळेच्या जबाबदारीवर झाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आणि ती ओळख खरी हवी. 'हरित ऊर्जा, उज्ज्वल भविष्य' असल्या फलकांनी ती होत नाही.

सध्या काय होतं ते पाहू. करिअर मार्गदर्शन म्हणजे निरोप समारंभाच्या आगेमागे बोलावलेले एक पाहुणे, एक शाल, एक नारळ आणि 'स्वप्नं मोठी बघा'. सरकारने प्रयत्न केले नाहीत असंही नाही. २०१६ मध्ये दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू झाली, ती काही वर्षं चालली. २०२०च्या लॉकडाउनमध्ये महाकरिअर पोर्टल आलं. दोन्हींचा हेतू चांगलाच होता. पण कल चाचणी मुलाला सांगायची की तुझा कल तांत्रिक क्षेत्राकडे आहे, आणि पोर्टल शेकडो व्यवसायांची यादी पुढे ठेवायचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला 'तांत्रिक क्षेत्र' हा शब्द भिडत नाही. त्याला माणूस दिसावा लागतो. शहरातल्या मुलाला तो घरात दिसतो, काका, मावशी, सोसायटीतले शेजारी. पाटणच्या किंवा धुळ्याकडच्या साक्रीच्या मुलाला तो दाखवायचा तर शाळेलाच दाखवावा लागणार.

आणि वेळ? दहावीच्या फेब्रुवारीत सांगून काय उपयोग? गणित नकोसं झालेलं मूल आठवीतच मनातल्या मनात निर्णय घेऊन बसलेलं असतं. 'सायन्स आपल्याला झेपणार नाही' हा निकाल बोर्डाच्या निकालाच्या दोन वर्षं आधी लागतो.

आता पवनचक्कीच घ्या. ती पाती हलतात म्हणजे वीज तयार होते, इतकंच आपण मुलांना सांगतो. खरी गंमत पुढे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातून मिळू शकणारी शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते, कारण तिथं वेगाचा घन येतो. नववीच्या पोराला घन कशाला शिकायचा याचं याहून सरळ उत्तर साताऱ्यात तरी मिळणार नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर खरा वारा वाहतो तो जून ते सप्टेंबर. वर्षाची बरीचशी कमाई त्या तीन-चार महिन्यांत होते. म्हणून यंत्राची सगळी डागडुजी मे संपायच्या आत उरकावी लागते: बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळायचे, गिअरबॉक्सचं तेल तपासायचं, ब्रेक बघायचे, पात्यांना तडा गेलाय का ते पाहायचं. पावसाळ्यात पठारावर धुकं इतकं दाटतं की बुंध्याशी उभं राहून वरचं पातं दिसत नाही, नुसता घुंई-घुंई आवाज येतो. अशात यंत्र बंद पडलं तर वारा उतरेपर्यंत वर चढता येत नाही आणि ऐन हंगामात नुकसान होतं. पेरणीआधी औतफाटा दुरुस्त करून ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला हे वेळापत्रक समजावून सांगावं लागणार नाही.

वर चढणाऱ्या माणसाकडे पाहा. कमरेला आणि खांद्यांना पट्टे, शिडीच्या दोराला अडकवलेला हुक, हत्यारांची पिशवी वेगळी ओढून घ्यायची. चढण्याआधी खालच्या कंट्रोल पॅनेलवर यंत्र बंद करून कुलूप लावायचं, म्हणजे वर माणूस असताना खालून कोणी चुकून चालू करणार नाही. वर बसगाडीएवढ्या डब्यात गिअरबॉक्स, जनरेटर आणि तोंड वाऱ्याकडे वळवणाऱ्या मोटरी. या माणसाला थोडं इलेक्ट्रिकल येतं, थोडं मेकॅनिकल, हायड्रॉलिक येतं, आणि पॅनेलवरचा फॉल्ट वाचण्यापुरतं इंग्रजी. उंचीची भीती नसावी लागते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घाई करायचा स्वभाव नसावा लागतो. असा माणूस वर्गात येऊन अर्धा तास बोलला, तो पट्टा मुलांना हातात घेऊन बघू दिला, तर ते तास-दोन तासांच्या भाषणापेक्षा जास्त काम करेल. आणि त्या पठारावर नुसते इंजिनिअरच लागतात असंही नाही. चाळकेवाडीच्या पठारावर निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचे सरडे आहेत. तिथं अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले. शिवाय त्या सरड्यांचं वागणंही बदललं, भीती कमी झाली. 'स्वच्छ' विजेचा हिशेबही असा निसर्गात उतरून करावा लागतो आणि तो करणं हाही एक पेशा आहे, हे जीवशास्त्र आवडणाऱ्या मुलीला आठवीत कळायला काय हरकत आहे?

इतक्या लांबही जायला नको. दर काही गावांमागे महावितरणचं एक ३३/११ केव्ही उपकेंद्र असतं. गावचा वायरमन तर प्रत्येकाला माहीत असतो, महावितरणच्या कागदोपत्री त्याला 'जनमित्र' म्हणतात. वादळात डीपी जळाला की अख्खं गाव त्याच्या नावाने शंख करतं. पण कुठल्या शाळेनं त्याला कधी बोलावलंय? आता तर या खात्यात मुलीही खांबावर चढतात. दहा किलोमीटरवरच्या गावात एक ताई हे काम करते, एवढं एकच उदाहरण वर्गात आणून उभं केलं तर 'मुलींनी आयटीआयला जाऊन काय करायचं' या प्रश्नावर शिक्षकांना वेगळं भाषण करावं लागणार नाही. २०२४पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पैशाची अडचण निम्मी तरी सुटली. पण फी माफ असलेल्या दरवाजापर्यंत जायचं तर तो दरवाजा आहे हे आधी माहीत असावं लागतं.

आता या सगळ्यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही. 'म्हणजे खेड्यातल्या पोरांनी पाने-पकड धरायची आणि शहरातल्यांनी आयआयटीला जायचं?' ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या कोणाच्या हाताला कोणतं काम हे जन्मावरून ठरवलं, तिथं 'स्थानिक कौशल्य' या शब्दाकडे संशयाने बघणं रास्तच आहे. बहुजनांच्या पोरांना पुस्तकापासून दूर ठेवायची ही नवी युक्ती तर नाही ना, असं विचारणाऱ्याला वेड्यात काढू नये.

पण याच मातीत या प्रश्नाचं एक उत्तरही आहे. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले इथं भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढं 'कमवा आणि शिका' उभं केलं, तेव्हा कमवणं हे शिकण्याची जागा घेण्यासाठी नव्हतं, शिकणं परवडावं म्हणून होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना वसवला. तिथं लोखंडी नांगर करणारे हात आणि त्याचा आराखडा करणारं डोकं एकाच आवारात होतं. तेव्हा ओळख करून द्यायची ती शिडीच्या एका पायरीची नको, अख्ख्या शिडीची हवी. पवनचक्कीवर टेक्निशियन आहे, त्याच्यावर साइट इंजिनिअर आहे, कुठेतरी पात्याचा आकार ठरवणारा एरोडायनॅमिक्सचा माणूस आहे, वाऱ्याच्या नोंदींवरून उद्या किती वीज येईल याचा अंदाज बांधणारी संख्याशास्त्राची बाई आहे. हे सगळे त्याच यंत्राभोवती आहेत. आणि पायऱ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत: दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही साधी गोष्ट किती पालकांना ठाऊक असते? दहावीला टक्के कमी पडले म्हणून आयटीआयला टाकलेलं पोर तिथंच संपलं असं धरून चालणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: मुळात नोकऱ्या आहेत किती? इथं खोटं बोलायचं नाही. पवन असो की सौर, प्रकल्प उभा करताना माणसं लागतात. तो एकदा चालू झाला की फार लागत नाहीत. मोठ्या सौर प्रकल्पात पॅनेल धुणं, गवत काढणं आणि पहारा हीच कामं गावाच्या वाट्याला येतात, आणि तीही बहुतेक कंत्राटदारामार्फत. साताऱ्यात आणि धुळ्यात पवनचक्क्यांसाठी गेलेल्या जमिनींवरून आंदोलनं झाली आहेत. त्या घरातल्या मुलापुढे जाऊन 'ऊर्जाक्षेत्रात संधीच संधी' म्हणणं हा निव्वळ निलाजरेपणा होईल. कोयनेच्या धरणग्रस्तांची तर दोन-तीन पिढ्यांची कहाणी आहे. त्यांच्या पाण्यावर झालेली वीज राज्यभर गेली आणि पुनर्वसनाचे कागद मात्र टेबलांवर पडून राहिले. म्हणून कंपनीचा माणूस शाळेत येणार असेल तर त्याला मुलांनी दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत: तुमच्याकडे या तालुक्यातली किती माणसं कायम नोकरीवर आहेत, आणि ती कुठल्या पदांवर? शिक्षकांनी हे प्रश्न आधी फळ्यावर लिहून द्यावेत. उत्तर द्यायला कंपनी कचरली तर तीही मुलांसाठी माहितीच आहे.

मग एवढी खटपट कशासाठी, असं वाटेल. कारण काम मोठ्या प्रकल्पाच्या कुंपणापुरतं नाही. सौरपंपांचंच बघा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी किमतीच्या दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी पाच टक्के. बाकी अनुदान. राज्यातल्या अशा पंपांची संख्या आता लाखांत आहे. पाच वर्षं दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची. पण उन्हाळ्यात ऐन पाण्याच्या वेळी कंट्रोलरवर लाल दिवा लागला की शेतकरी टोल-फ्री नंबर फिरवत बसतो आणि कंपनीचा माणूस चार जिल्हे फिरत कधीतरी उगवतो. कधी वायरीचा जोड ढिला झालेला असतो, कधी पॅनेलवर नुसती धूळ साचलेली असते, कधी मोटरीत पाणी गेलेलं असतं. आणि ती पाच वर्षं संपल्यावर? लाखो पंप, छपरांवरची हजारो सौर संयंत्रं, त्यांचे इन्व्हर्टर. मोटर रिवाइंडिंग करणारा माणूस जसा प्रत्येक बाजारगावात आहे, तसा हे सगळं नीट करणारा माणूस लागणार आहे. हा धंदा पुण्याहून करता येत नाही, तो तालुक्यातच बसून करावा लागतो. मला विचाराल तर या क्षेत्रातलं खरं स्थानिक काम हेच आहे, आणि त्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं, कारण त्याचं उद्घाटन करता येत नाही.

वनकुसवडे-चाळकेवाडीच्या जुन्या पवनचक्क्यांचं वयही होत आलंय. त्यांतल्या अनेक साडेतीनशे किलोवॉटच्या आसपासच्या आहेत. आज एकेक यंत्र दोन-तीन मेगावॉटचं येतं. जुनी काढून तिथं मोठी बसवण्याचं केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये ते सुधारून पुन्हा जाहीर झालं. शिवाय सह्याद्रीत उदंचन जलविद्युत प्रकल्पांची चर्चा आहे, म्हणजे दिवसा वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी गरज असताना खाली सोडून वीज करायची. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प कधीचा चालू आहे. यातलं काय आणि कधी होईल हे सरकार आणि कंपन्या ठरवतील, त्यातल्या कशाकशाला गावांनी विरोध करावा हाही वेगळा विषय. पण आज सातवीत असलेली मुलं तेव्हा विशी-बाविशीत असणार. जे येईल त्याला पाठिंबा द्यायचा असो की विरोध करायचा असो, प्रकल्पाचा अहवाल वाचता येणारी पोरं गावात असलेली बरी.

हे शाळेत बसवायचं कसं, यावर फार डोकं शिणवायची गरज नाही. ते काम पुण्याजवळ शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये करून ठेवलंय. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनातली नोकरी सोडून हा माणूस दुष्काळी गावात येऊन राहिला आणि विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय उभा राहिला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग, आठवड्यातला एक दिवस. शिकवायला गावातलेच कारागीर, आणि मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगाचं. राज्याच्या मंडळाने त्याला मान्यता दिली आणि अनेक शाळांनी तो घेतला. तरी चाळीस वर्षांनंतरही तो मोजक्याच शाळांत आहे, कारण वेळापत्रकात तो 'जादा' आहे आणि शिकवणारे मानधनावर. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तेच सांगितलंय: सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना जाऊन स्थानिक व्यावसायिकांकडे शिकावं. धोरणात सुतार, माळी, कुंभार यांची नावं आहेत. या यादीत वायरमन, पवनचक्कीचा टेक्निशियन, कारखान्याच्या बॉयलरवरचा माणूस आणि मोटर रिवाइंडिंगवाला घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

व्यवहारातलं बोलायचं तर सहल जानेवारी-फेब्रुवारीत न्यावी. तेव्हा वारा पडलेला असतो, दुरुस्तीसाठी यंत्रं उघडलेली असतात आणि माणसांना बोलायला उसंत असते. मुलांनी वर चढायचं नाही, खालचं पॅनेल आणि उतरवून ठेवलेलं पातं बघितलं तरी पुरे. एसटी शालेय सहलींना निम्मं भाडं आकारते. महाबळेश्वर-प्रतापगडची सहल रद्द करा असं मी म्हणत नाही. त्याच रस्त्यात एक थांबा वाढवा. शिक्षकांवर आणखी एक बोजा नको, ही तक्रार मात्र खरी आहे. निवडणूक, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी यांतून उरलेल्या वेळात मास्तरांनी उपकेंद्राच्या परवानगीसाठी खेटे घालायचे हे होणार नाही. परवानग्यांचं काम गटशिक्षण कार्यालयाने तालुक्यासाठी एकदाच करावं: महावितरण, महानिर्मिती, साखर कारखाने आणि पवनचक्की चालवणाऱ्या कंपन्यांकडून वर्षाच्या सुरुवातीला तारखा घ्याव्यात आणि शाळांना वाटून द्याव्यात.

आणि कंपन्यांना हे ऐच्छिक ठेवू नये. प्रकल्पासाठी गावाची जमीन, रस्ता, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला यांपैकी काहीतरी लागतंच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तर जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात. तिथं करार होतोच, अटी लिहिल्या जातातच. ग्रामसभेत सभामंडप आणि कमानीची मागणी नेहमी होते. त्याबरोबर ठरावात आणखी दोन ओळी घालाव्यात: दरवर्षी गावातल्या शाळेच्या आठवीच्या वर्गाला प्रकल्प दाखवला जाईल, आणि तालुक्यातल्या आयटीआय-डिप्लोमावाल्यांना शिकाऊ उमेदवारीच्या ठरावीक जागा मिळतील. त्या जागा किती भरल्या, हे दर वर्षी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत कंपनीच्या माणसाने स्वतः उभं राहून वाचून दाखवावं.